दहा हजार एकावी

कवायत मास्तरांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, आणि ती म्हणजे फट. दाराची किंवा दाताची नव्हे, रांगेतली फट. दोन पोरांच्या मध्ये एक पोर कमी दिसलं की मास्तरांचा हात शिट्टीकडे जायचा. दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे असले तरी पुढच्या अनोळखी माणसाला ते हळूच सांगत, "जरा पुढे सरका, जागा सुटलीय." माणूस वैतागून मागे बघायचा आणि सरकायचा. घरातही तीच तऱ्हा. मांडणीवरचे डबे उंचीप्रमाणे, चपला जोडीजोडीने, दोरीवरचे रुमाल कडेला कड लावून. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर माणसं कशी अस्ताव्यस्त मोडतात ते बघून आल्यावर नवऱ्याच्या शिस्तीला ती फारशी भीक घालत नसे. "मला दोनच हात आहेत म्हणून बरं," ती म्हणायची, "जास्त असते तर तेही ओळीत लावले असते ह्यांनी."

शाळेच्या वेळापत्रकात ते 'पीटी' एवढ्या दोन अक्षरांत मावत. पोरांनी मात्र त्यांना कधीकाळी कवायत मास्तर म्हटलं आणि पुढे ते मुख्याध्यापकांच्याही तोंडात बसलं. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि उन्हात उभं राहून राहून वाळलेलं शरीर. उभ्या नोकरीत त्यांनी एकच काम केलं, समोर येतील तेवढी पोरं घ्यायची आणि त्यांचा चौकोन करायचा.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पोरं साठ असली तर मास्तर खूश असत. साठ हा आकडा फार समजूतदार. दहाच्या सहा रांगा करा, बाराच्या पाच करा, पंधराच्या चार करा, तो हूं की चूं करत नाही. पण एकसष्टावं पोर आलं की सगळं मुसळ केरात. एकसष्टच्या कशाही रांगा करा, एखादं तरी पोर उरणारच. गणिताच्या पुस्तकात असल्या आकड्यांना मूळ संख्या म्हणतात आणि त्यांचं भारी कौतुक करतात. कौतुक करणाऱ्यांनी कधी भर उन्हात त्यांना रांगेत उभं केलेलं नसतं. मास्तर त्यांना आडमुठे आकडे म्हणत.

आडमुठ्या आकड्यांवर त्यांनी एक तोडगा काढला होता. उरेल त्याच्या हातात झेंडा द्यायचा आणि त्याला सगळ्यांच्या पुढे उभं करायचं. उरलेल्या पोराला आपण उरलो होतो हे कधी कळलंच नाही. उलट चौकोनातल्या पोरांचंच पोट दुखायचं. ही सवय मास्तरांच्या इतकी अंगवळणी पडली की पुढेपुढे ते पोरं मोजतानाच "साठ आणि झेंडा", "ऐंशी आणि झेंडा" असं मोजू लागले. झेंडेवाला त्यांच्या हिशेबात पोरांमध्ये धरला जात नसे.

नेमक्या ह्याच सवयीने निवृत्तीच्या वर्षी त्यांची फजिती केली.

शहरात नवं क्रीडांगण बांधून झालं होतं आणि उद्घाटनाला सामूहिक कवायत ठरली होती. शंभर शाळा, प्रत्येक शाळेची शंभर मुलं, शंभराच्या शंभर रांगा. समोरच्या उंच मनोऱ्यावरून त्याचा फोटो काढायचा होता. सगळी जबाबदारी एका संयोजक बाईंवर होती. बाई मोठ्या हुशार आणि कामाला वाघ होत्या. कवायतीच्या मध्यावर हा प्रचंड चौकोन उकलून त्याचे चार चौकोन व्हायचे आणि परत मिटून एक व्हायचे, ही त्यांची स्वतःची कल्पना होती. घरी शर्टाची बटणं मांडून मांडून त्यांनी ती बसवली होती.

पहिल्या सरावाला नव्व्याण्णव शाळा शंभर शंभर पोरं घेऊन आल्या. मास्तर आले ते शंभर आणि झेंडा घेऊन.

झेंडा ज्या मुलीच्या हातात होता तिला सगळे टाचणी म्हणत. वर्गात सगळ्यात लहानखुरी आणि बोलायला लागली की टोचणारी. पाय उचलण्यात जरा गडबड करायची, पण मास्तरांनी झेंडा देतो म्हटल्यापासून तिने घरच्या गच्चीवर पाय आपटून आपटून खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या नाकी नऊ आणले होते. आता तिचा पाय एखाद्या शिपायासारखा पडत होता.

बाईंनी शिरगणती केली. "मास्तर, दहा हजार एक."

"दहा हजार आणि झेंडा," मास्तर म्हणाले.

"झेंडा नाही घ्यायचा. वरून फोटो आहे. चौकोनाच्या पुढे एक ठिपका लोंबताना दिसेल." बाईंनी टाचणीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. त्या काही दुष्ट नव्हत्या. "हिला राखीव ठेवा. दहा हजार पोरं आहेत, त्या दिवशी कुणी ना कुणी आजारी पडणारच. हिला जागा मिळेल, माझा शब्द."

बोलणं रास्त होतं. मास्तरांनाही पटलं. त्यांनी ते टाचणीला नीट समजावून सांगितलं. तिने झेंड्याची काठी खाली टेकवली.

"म्हणजे कुणीतरी आजारी पडावं म्हणून मी वाट बघत बसू?"

"तसं नाही गं."

"मग कसं, सर? आणि कुणीच नाही पडलं तर?"

 तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला वगळावं म्हणून त्यांनी आपल्या शंभर पोरांवरून नजर फिरवली. प्रत्येक पोर छाती काढून उभं होतं. मास्तरांची नजर कुठेच टिकली नाही.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "चूक तुमची आहे. शंभर सांगितली होती, तुम्ही एकशे एक नेलीत. त्यात पोरीचा काय दोष?"

"अगं, पण आकडाच आडमुठा आहे. दहा हजार एक! शंभराचा भरगच्च चौकोन, आणि वर एक चिकटलेला. त्याला कोण तोडणार?"

"बघितलंत का तोडून?"

बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. दहा हजार हा आकडा इतका गोंडस दिसतो की पुढचा एक हा उपराच वाटतो, आणि सगळ्यांनी त्याला उपरा धरूनच बोलायला सुरुवात केली होती. रविवारी दुपारी मास्तर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून बसले.

शेवटी एक, म्हणजे दोनाने जाणार नाही, पाचानेही नाही. अंकांची बेरीज दोन, म्हणजे तिनाचाही प्रश्न मिटला. सातने बाकी पाच. अकराने बाकी दोन. तेराने चार. बायको बाजूला बसून गणवेशाला इस्त्री करत होती.

"कुठवर जाणार असं?" तिने विचारलं.

"शंभरापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढची गरज नाही. एका रांगेत शंभरापेक्षा जास्त पोरं धरली तर रांगा शंभरापेक्षा कमीच होणार ना? आणि शंभराखालचं सगळं तर आपण आधीच बघून झालेलं असणार."

"मग आता नऊ बघा."

"नऊ कशाला? तिनाने गेला नाही तो नऊने कसा जाईल? फक्त आडमुठे बघायचे."

सतराने बाकी पाच, एकोणीसने सात, तेवीसने एकोणीस. तिशी गेली, चाळिशी गेली. सत्तेचाळीसने भागलं तेव्हा सदतीस उरले, आणि पुढे त्रेपन्नने भागलं तर पुन्हा सदतीसच उरले. मास्तरांना वाटलं, हा आकडा आपली टिंगल करतोय. त्यांनी दोन्ही भागाकार परत केले. दोन्ही बरोबर होते. एकोणसाठ, एकसष्ट, सदुसष्ट. एक्काहत्तरने भागल्यावर बाकी आली एकसष्ट, आणि हा एकसष्ट तर त्यांचा जुना वैरी. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. मोजून पाच आकडे राहिले होते आणि मास्तरांनी मनातून हात टेकले होते. सोमवारी टाचणीला काय सांगायचं ह्याचीच वाक्यं ते जुळवू लागले.

"संपलं का?" बायको म्हणाली.

"नाही. पण संपल्यातच जमा."

"संपलं नाही ना? मग करा की. मी काय अर्ध्या वॉर्डाला इंजेक्शन देऊन घरी येते का?"

मास्तरांनी पेन्सिल उचलली. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर एके त्र्याहत्तर, उरले सत्तावीस. शून्य खाली घेतलं, दोनशे सत्तर, त्र्याहत्तर त्रिक दोनशे एकोणीस, उरले एक्कावन्न. एक खाली घेतला, पाचशे अकरा. त्र्याहत्तर साते पाचशे अकरा.

बाकी काही नाही.

विश्वास बसेना म्हणून त्यांनी उलटा गुणाकार केला. एकशे सदतीस गुणिले सत्तर, नऊ हजार पाचशे नव्वद. एकशे सदतीस त्रिक चारशे अकरा. बेरीज दहा हजार एक. मास्तरांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. गुणाकार करून रडणारा माणूस बायकोने पहिल्यांदाच बघितला. तिने इस्त्री बंद केली आणि चहा ठेवला.

सोमवारी बाईंनी तो गुणाकार स्वतः करून बघितला, दोनदा. मग म्हणाल्या, "त्र्याहत्तर रांगा, रांगेत एकशे सदतीस. कुणी उरत नाही, खरं आहे. पण माझे चार चौकोन?"

 अडचण मास्तरांना ठाऊक होती. दहा हजार एक त्र्याहत्तर आणि एकशे सदतीसमध्ये तुटला होता खरा, पण ते दोन तुकडे पक्के आडमुठे. त्र्याहत्तरचे दोन भाग होत नाहीत, एकशे सदतीसचे होत नाहीत. चार चौकोन सोडा, दोन सारखे तुकडेसुद्धा करता येणार नव्हते.

"एका मुलीसाठी दहा हजार मुलांनी नव्याने शिकायचं?" बाईंनी विचारलं. रागाने नाही, खरोखरच विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. तिची नाही."

बाईंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या डोळे लाल करून आणि पिशवीभर बटणं घेऊन. त्यांनी आणखीच एक शोध लावला होता. दहा हजार एकचे दोन चौकोन होतात. एक शहात्तरांचा, दुसरा पासष्टांचा. शहात्तर गुणिले शहात्तर पाच हजार सातशे शहात्तर, पासष्ट गुणिले पासष्ट चार हजार दोनशे पंचवीस. बेरीज बरोब्बर. मास्तर बघतच राहिले. ज्या आकड्याला ते दगड समजत होते त्याच्या पोटात काय काय निघत होतं! दोघांनी जमिनीवर बसून बटणं मांडली आणि उभं राहून वरून बघितलं.

"थोरली आणि धाकटी जाऊ फोटोला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात," मास्तर म्हणाले.

बाईंना हसू आलं आणि त्यांनी बटणं गोळा केली. त्यांची हार झाली असं मात्र नाही. क्रीडांगण लांबट होतं, मधल्या चौकोनामुळे दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांसमोर मोकळी जमीन राहत होती, हे त्यांना आधीपासून खटकत होतंच. लांबट आकार मैदान भरून टाकणार होता. चार चौकोनांच्या जागी त्यांनी हातांची लाट बसवली, पहिल्या पोरापासून एकशे सदतीसाव्यापर्यंत जाणारी. "पण मैदानावर चुन्याची फक्की तुम्ही मारायची," त्यांनी बजावलं. "एकेका पोराचा ठिपका."

मास्तरांनी ती मारली. शाळेच्या शिपायाला दोरी धरायला लावून, पांढऱ्या फक्कीचे दहा हजार एक ठिपके, वाकून वाकून. गुडघ्यांनी संप पुकारला. त्यातच मुख्याध्यापक मंडळी कुरकुरायला आली. आमच्या शाळेची पोरं दोन रांगांत का वाटली, आमच्या पोरांना मागे का टाकलं. मास्तर मान हलवत आणि पुढचा ठिपका मारत. टाचणीची जागा त्यांनी स्वतः ठरवली. पहिली रांग, बरोबर मध्य. शंभराच्या रांगेला मध्यावर पोर नसतं, तिथे दोघांमधली जागा येते. एकशे सदतीसच्या रांगेला असतं. अडुसष्ट ह्या बाजूला, अडुसष्ट त्या बाजूला आणि मध्ये टाचणी. नव्या मांडणीच्या पहिल्या सरावाला ती त्या ठिपक्यावर अशी उभी राहिली की जणू सात-बारा तिच्या नावावर झालाय.

उद्घाटनाच्या सकाळी मास्तर बुटांना पांढरं लावत होते तेव्हा बायकोचा दवाखान्यातून फोन आला.

"तुमच्या टाचणीला कांजिण्या आल्यात. अंगभर आहेत, तापही आहे. मी आत्ताच बघितलं तिला."

मास्तरांनी हातातला बूट खाली ठेवला. "रडतेय का?"

"नाही. एकच विचारतेय. माझ्या जागेवर कोण?"

मैदानावर गेले तर कांजिण्यांनी पुष्कळ शाळांत हात फिरवलेला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी अध्यापक विद्यालयातल्या ठेंगण्या ठेंगण्या मुली बोलावून, शाळेचे गणवेश चढवून रिकाम्या ठिपक्यांवर उभ्या केल्या होत्या. त्यातली एक तर दोन लेकरांची आई होती. एवढी सगळी भरती करून शेवटी एक कमी पडलीच. मास्तर पोचले तेव्हा तेवढी एकच जागा मोकळी होती, पहिल्या रांगेत, बरोबर मध्यावर.

"मास्तर, फट इथे नको," बाई घाईघाईने म्हणाल्या. "शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातलं पोर उचला आणि इथे आणा. कोपऱ्यात कुणाला कळणार नाही."

अगदी बरोबर होतं. मास्तरांनी स्वतः उभ्या आयुष्यात शंभरदा हेच केलं असेल. ते रांगांच्या कडेने चालत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथला पोरगा आपल्या ठिपक्यावर ताठ उभा होता आणि मास्तर जवळ आले तसा आणखी ताठ झाला. मास्तर त्याच्यासमोर थांबले. त्याची कॉलर सरळ केली. मग ते जसे गेले तसेच परत आले, एकटेच.

"पोर कुठाय?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या जागेवर."

"आणि ही जागा?"

"ही रिकामी नाही, बाई. ही टाचणीची आहे. ती आज आलेली नाही, एवढंच."

"फोटोत फट दिसेल मास्तर! पहिल्या रांगेत, मनोऱ्याच्या अगदी समोर!"

"दिसू दे," कवायत मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. पाहुणे येऊन बसले होते, बँड वाजायला लागला होता, आणि ह्या माणसाशी वाद घालायला आता वेळ नव्हता. त्या ध्वनिक्षेपकाकडे वळल्या. मास्तर कडेला जाऊन उभे राहिले. कवायतभर ती फट त्यांना दिसत होती आणि दर वेळी हात शिट्टीकडे जात होता. शिट्टी त्यांनी वाजवली नाही. हातांची लाट पहिल्या रांगेच्या मध्यावर येऊन एक क्षण तुटायची आणि पलीकडच्या मुलीपासून परत सुरू व्हायची.

काही आठवड्यांनी प्रत्येक शाळेला मोठा केलेला फोटो मिळाला. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर तो लावला तेव्हा पोरांची ही झुंबड उडाली. फोटो फार उंचावरून काढलेला. डोकी म्हणजे नुसती मोहरी सांडलेली. ही मी, छे, ती मी आहे, तू मागच्या रांगेत होतास, असं करत पोरं हमरीतुमरीवर आली. एकाने भिंग आणलं. भिंगातून मोहरी मोठी दिसली, तोंड कुणाचंच दिसलं नाही. बाकीच्या नव्व्याण्णव शाळांतही ह्यापेक्षा वेगळं काही झालं नसणार.

टाचणी त्या दिवशीच शाळेत परत आली होती. गालांवर खपल्यांचे डाग होते आणि केस जास्तच बारीक कापलेले. गर्दी पांगल्यावर ती फोटोपुढे गेली. मास्तर खोलीच्या दारात उभे होते. 

तिला शोधावं लागलं नाही. तिने टाचा उंचावल्या आणि पहिल्या रांगेतल्या मोकळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली.

दहा हजार डोक्यांच्या त्या फोटोत खात्रीने ओळखू आली ती एकटी तीच.